मोहाखाली जाळ नको, जाळी लावा

(सामुदायिक रेडिओवरून प्रसारित झालेलं भाषण)

शिरपूर, चोपडा, यावल, रावेरच्या सातपुड्यातल्या पाड्यांवरच्या माझ्या बहिणींनो, तिकडे साक्री तालुक्यातल्या डोंगरातल्या ताई-मावश्यांनो, पळस फुललाय. भोंगऱ्याचे बाजार जवळ आलेत आणि होळी तोंडावर आहे. म्हणजे थोड्याच दिवसांत मोह गळायला लागेल. तुम्ही पहाटे टोपली घेऊन निघाल. त्याआधी आज थोडं बोलू या, कारण हंगाम सुरू झाल्यावर तुम्हाला श्वास घ्यायलाही फुरसत नसते.

आजचा विषय आहे जंगल आणि जंगलाबद्दलचं शास्त्र. शास्त्र म्हटलं की आपल्याला वाटतं, हे शिकलेल्यांचं काम. पण एक गोष्ट आठवून पाहा. कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली तेव्हा 'कामगंध सापळा' हा शब्द गावोगाव कसा पोचला? कुणी तरी संशोधन केलं, ते कृषी विज्ञान केंद्रात आलं, कृषी सहायकानं गावात येऊन सांगितलं, पत्रक वाटलं, एका शेतात सापळे लावून दाखवले. केळीवर करपा आला तर कोणती पानं काढायची, हे तापीकाठच्या शेतकऱ्याला माहीत आहे. संशोधन शेतापर्यंत आणून पोचवण्याच्या या कामाला सरकारी भाषेत 'विस्तार' म्हणतात. आपल्याकडे जळगावला तेलबिया आणि केळी संशोधन केंद्र आहे, धुळ्याला कृषी महाविद्यालय आहे. कृषी विज्ञान केंद्रं धुळ्यात आहेत, ममुराबादला आहेत, रावेर तालुक्यात पालला आहेत. पाल तर सातपुड्याच्या कुशीतच आहे.

आता मला सांगा, मोहाबद्दल तुम्हाला कुणी असं काही येऊन सांगितलं का? चारोळीबद्दल? डिंकाबद्दल? बहुतेक जणी म्हणतील, नाही. जंगलावर संशोधन होतच नाही असं मात्र नाही. डेहराडूनला भारतीय वानिकी संशोधन आणि शिक्षण परिषद आहे. तिची एक संस्था जबलपूरला आहे, उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्था. आपला महाराष्ट्र तिच्याच कार्यक्षेत्रात येतो. तिथे मोह, चारोळी, डिंक, लाख यांवर वर्षानुवर्षं काम झालंय. गुजरातेत गोध्र्याजवळ वेजलपूरला फळबागांचं एक केंद्रीय प्रयोग केंद्र आहे. तिथे मोहाचं निवडक वाण तयार केलंय, त्याचं नाव 'थार मधू'. चारोळीचंही केलंय, त्याचं नाव 'थार प्रिया'. कलम केलेलं झाड बियांपासून वाढवलेल्या झाडापेक्षा लवकर फळाला येतं. हे सगळं झालंय, पण ते मोह वेचणाऱ्या हातापर्यंत आलेलं नाही. आलंच तर सभेला पुरुष जातात, पत्रक त्यांच्या खिशात राहतं. आणि मोह कोण वेचतं? आपण.

म्हणून आज तीन झाडांबद्दल बोलते. शास्त्र काय म्हणतं ते सांगते, आणि ते गावात चालावं म्हणून काय करावं लागतं तेही सांगते.

पहिलं झाड मोहाचं.

आपण मोहाखाली जाळ का लावतो? त्याला कारण आहे. फुलं गळायच्या सुमारालाच पानगळ झालेली असते. खाली पाचोळ्याचा थर असतो. त्यात फूल दिसत नाही, काटे असतात, विंचू-सापाची भीती असते. पहाटेच्या अंधारात लेकरं बरोबर असतात. काडी लावली की अर्ध्या तासात जमीन साफ. यात बाईचा आळस नाही, तिची अडचण आहे. ही अडचण समजून न घेता 'जाळू नका' एवढंच सांगणाऱ्याचं कुणी ऐकत नाही.

पण हा जाळ मोहाखालीच थांबत नाही. वारा सुटला की तो डोंगर चढतो. गवत जातं, म्हणजे आपल्याच गुरांचा चारा जातो. पाचोळा जातो, म्हणजे पाणी धरून ठेवणारी जमिनीची गोधडी जाते. आणि सगळ्यात मोठं नुकसान म्हणजे छोटी रोपं जातात. तुम्ही आपल्या जंगलात जाऊन एकदा बघा. म्हातारे, जाडजूड मोह पुष्कळ दिसतील. पण मनगटाएवढ्या जाडीचा मोह दिसतो का? गुडघ्याएवढं रोप दिसतं का? दिसत नसेल तर समजा, आजे-सासूनं राखलेली झाडं आपण वापरतोय आणि नातसुनेसाठी एकही नवीन उभं राहत नाही. दरवर्षीची आग, गुरांचं चरणं आणि सगळ्या बिया वेचून नेणं, ही तीन कारणं एकत्र झाली की मोहाची पुढची पिढी उभी राहत नाही.

आज आकाशातल्या उपग्रहाला जंगलातली आग दिसते. भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था तो इशारा मोबाईलवर पाठवते आणि वनरक्षकाला कळतं. पण इशारा येऊन माणूस डोंगर चढेपर्यंत रोपं जळून गेलेली असतात. उपग्रहापेक्षा तुम्ही त्या झाडाच्या जास्त जवळ आहात.

मग करायचं काय? मोहाखाली जाळी बांधायची. मध्य प्रदेश, छत्तीसगडमध्ये अनेक गावांत आता ही पद्धत आहे. झाडाभोवती खुंट्या रोवून जमिनीपासून दोन-तीन हात उंचीवर जाळी ताणून बांधायची. रात्रभर गळलेलं फूल जाळीत पडतं. सकाळी जाऊन एकदम गोळा करायचं. वाकून वाकून कंबर मोडत नाही, आणि पोरीला शाळा बुडवून बरोबर न्यावं लागत नाही. फुलाला माती, राख, खडे लागत नाहीत. असं स्वच्छ फूल खाण्यासाठी विकता येतं, लाडू-सरबत करणारे गट ते घेतात. मातीचं फूल दारूच्या भट्टीवाल्याशिवाय कुणी घेत नाही, आणि भाव तोच ठरवतो.

जाळी विकत घ्यायला पैसे नसतील तर जुन्या साड्या शिवून चादर करा. तेही जमत नसेल तर झाडाच्या घेरापुरता पाचोळा खराट्यानं झाडा आणि खड्ड्यात भरा. पावसाळ्यात त्याचं खत होईल. काडी मात्र लावू नका.

आणि एक. जूनच्या सुमाराला मोहाची फळं पिकतात, बिया मिळतात. सगळ्या तेलाला घालू नका. दहा-वीस ताज्या बिया लगेच पिशवीत लावा. मोहाचं बी फार दिवस टिकत नाही, ठेवून लावलं तर उगवत नाही. रोप लावल्यावर भोवती काटेरी कुंपण घाला, नाहीतर शेळी तुमच्या आधी पोचेल.

दुसरं झाड चारोळीचं.

चारोळीचं फळ एप्रिल-मेमध्ये पिकतं. हिरवं असतं ते काळपट जांभळं होतं. पिकल्यावर तोडलं तर गर भरलेला, दाणा जड आणि वजन चांगलं. कच्चं तोडलं तर दाणा चिपाड, व्यापारी भाव पाडतो, आणि ते बी रुजतही नाही. हे सांगायला जबलपूरच्या शास्त्रज्ञाची गरज नाही. तुम्हाला सगळ्यांना हे आधीच माहीत आहे.

तरी आपण कच्चं का तोडतो? कारण मी थांबले तर शेजारचा पाडा तोडून नेईल. तो पाडा तरी का थांबेल? त्यांना आपली भीती. मग प्रत्येक जण आठ दिवस आधी जातो. घाई इतकी की फांदीच तोडून खाली आणतात. पुढच्या वर्षी ती फांदी नसते आणि काही वर्षांनी झाडही नसतं.

शेतात आणि जंगलात हाच फरक आहे. शेतात एका बाईनं नवीन गोष्ट ऐकली, तिनं आपल्या बांधाच्या आत केली, तिला फायदा झाला. शेजारणीनं ऐकलं नाही तरी हिचं बिघडत नाही. जंगलात एकटी शहाणी असून उपयोग नाही. एकटी थांबली तर तिचीच टोपली रिकामी राहते. शेतात एकीनं ऐकलं तरी भागतं, जंगलात सगळ्यांनी ऐकावं लागतं. म्हणून जंगलाचं शास्त्र पत्रकानं पोचत नाही. ते गटाच्या बैठकीत आणि ग्रामसभेच्या ठरावात पोचलं तरच चालतं. चारोळी अमुक तारखेच्या आधी कुणी तोडायची नाही, फांदी तोडली तर दंड, आणि ही तारीख शेजारच्या पाड्यांनाही मान्य, असं ठरलं की थांबणारीचं नुकसान होत नाही.

तिसरी गोष्ट डिंकाची.

धावड्याचा डिंक, सालईचा डिंक, कांडोळाचा डिंक. बाळंतिणीच्या लाडवाचा डिंक सगळ्यांना ठाऊक. पण जास्त डिंकाच्या लोभानं कुऱ्हाडीनं खोल घाव घातले, चारी बाजूंनी घातले, तर झाड वाळतं. संशोधकांनी सांगितलेली रीत अशी: घाव छोटा, फक्त सालीपुरता, लाकडाला न लागणारा. झाडाच्या सगळ्या अंगाला एकदम नाही. बारीक झाडाला अजिबात नाही. झाडाला मधूनमधून विश्रांती. आंध्र प्रदेशात विशाखापट्टणमच्या कोवेल फाउंडेशननं आदिवासींना कांडोळाचा डिंक काढायचं असं शिक्षण दिलं. कुऱ्हाडीऐवजी धारदार लहान हत्यार, पातळ साल काढायची, डिंक स्वच्छ पिशवीत गोळा करायचा आणि रंगाप्रमाणे वेगळा करायचा. स्वच्छ, पांढऱ्या डिंकाला चांगला भाव मिळतो.

जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेनं राजस्थानातल्या कुमट नावाच्या बाभळीसाठी डिंक वाढवणारं औषधही तयार केलंय. झाडाला छोटं भोक पाडून मोजका डोस द्यायचा आणि भोक मातीनं बुजवायचं. पण मैत्रिणींनो, बाजारात कुणी बाटली दाखवून म्हणालं की हे घाला, दुप्पट डिंक येईल, तर लगेच घेऊ नका. ते औषध कुमटासाठी ठरवलेलं आहे. आपल्या धावड्या-सालईला किती द्यायचं, द्यायचं की नाही, हे जाणकाराला विचारल्याशिवाय करायचं नाही. डोस चुकला की झाड मरतं. विस्तार सेवा हवी ती यासाठीही. नवीन गोष्ट सांगणारा माणूस हवा, तसा 'हे करू नका' म्हणणाराही हवा.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ऐकायला बरं, पण होतं का असं कुठे? होतं. लांब जायला नको, आपल्याच धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात बारीपाडा आहे. नव्वदीच्या सुरुवातीला तिथला डोंगर उजाड झाला होता आणि बायांना पाण्यासाठी लांब जावं लागायचं. मग गावानं बसून नियम केले. कुऱ्हाड बंद, तोडणाऱ्याला दंड, आळीपाळीनं राखण. चैत्राम पवार यांनी पुढाकार घेतला. आज सुमारे ४४५ हेक्टर जंगल गावानं राखलंय. २०२५ साली पवारांना पद्मश्री मिळाली. पण नुसत्या राखणीवर ते थांबले नाहीत, नवीन शिकले. भाताची चारसूत्री पद्धत त्यांनी घेतली. ती कोकणातल्या कृषिशास्त्रज्ञाच्या संशोधनातून आलेली, आणि तिचा फायदा गावाला झाला. डोंगराखालचं शेत चांगलं पिकलं तर डोंगरावर कुऱ्हाड घेऊन जायची वेळ कमी येते.

बारीपाड्याची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. २००४ पासून तिथे रानभाज्यांची स्पर्धा होते. बाया रानातल्या भाज्या शिजवून आणतात आणि ती वनस्पती कोणती, कधी मिळते, कशावर गुणकारी, तिचा कोणता भाग घ्यायचा आणि कोणता नाही, हे सांगतात. अभ्यासक येऊन ते टिपून घेतात. म्हणजे इथे शिकवणारी बाई आहे आणि लिहून घेणारा शास्त्रज्ञ. टाकळा, कुर्डू, करटोली, बांबूचे कोंब आपणही खातो. पण आपल्या सासूला किती ठाऊक होत्या आणि आपल्या मुलीला किती ठाऊक आहेत, ते मोजून पाहा. जे लिहून ठेवलं नाही ते एका म्हातारीबरोबर जातं.

धुळे तालुक्यातलं लामकानी हेही असंच गाव. डॉ. धनंजय नेवाडकर यांनी गावकऱ्यांना बरोबर घेऊन तिथल्या टेकड्यांवर कुऱ्हाडबंदी, चराईबंदी केली आणि पाणी अडवायला चर खोदले. तिथे मुख्य पीक गवताचं. गुरं मोकळी सोडण्याऐवजी गवत वाढू द्यायचं आणि कापून आणायचं. डोंगर हिरवा आणि गोठ्यात चारा. साक्रीचा पाऊस वेगळा, धुळ्याचा वेगळा. बारीपाड्याचं जसंच्या तसं लामकानीत चालणार नाही आणि लामकानीचं यावलला. म्हणून आपल्या डोंगराला काय मानवतं, ते आपणच तपासायला हवं.

आता कायद्याचं थोडं. २००६ चा वनहक्क कायदा आहे. मोह, चारोळी, डिंक, मध, तेंदूपान, बांबू, औषधी वनस्पती, कंद हे गौण वनोपज. हक्क मिळालेल्यांना ते गोळा करायचा, वापरायचा, विकायचा अधिकार कायदा देतो. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावाला जंगल राखायचा आणि त्याचं व्यवस्थापन करायचाही हक्क आहे. सातपुड्यातल्या कितीतरी गावांना हा हक्क मिळालाय. आपल्या गावाला मिळालाय का, हे ग्रामपंचायतीत विचारा. वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश बाया हव्यात, असा नियम आहे. या कामासाठीच्या ग्रामसभेलाही हजर असणाऱ्यांत किमान एक तृतीयांश बाया लागतात. नुसतं रजिस्टरवर अंगठा देऊन परत येऊ नका. तिथे बसा. चारोळीची तारीख आणि मोहाखालच्या जाळाचा ठराव बाईनंच मांडायचा, कारण तिथे पुरुषापेक्षा आपल्याला जास्त कळतं.

आता या महिन्यात काय करायचं ते सांगते. गटाच्या वहीत लिहून घ्या.

एक. गटाच्या पुढच्या बैठकीत गावातल्या मोहाच्या झाडांची मोजणी करा. मोठी किती, मनगटाएवढी किती, रोपं किती. तीन आकडे लिहा.

दोन. पाच झाडांखाली जाळी किंवा साडी बांधा आणि पाच झाडांखाली खराट्यानं झाडलोट करा. रोज किती किलो फूल आलं, किती वेळ लागला, व्यापाऱ्यानं कशाला किती भाव दिला, ते लिहा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी शाळेतल्या पोरीकडून लिहून घ्या. हंगाम संपल्यावर ही वही म्हणजे तुमचं स्वतःचं संशोधन असेल.

तीन. फूल ओलं विकू नका. जमिनीवर न पसरता ताडपत्रीवर किंवा खाटेवर वाळवा, गटानं मिळून कोरड्या जागी साठवा. २०२० साली केंद्र सरकारनं वाळलेल्या मोहफुलांचा आधारभूत दर किलोला १७ रुपयांवरून ३० रुपये केला. आज दर काय आहे, खरेदी कुठे आहे, हे आदिवासी विकास महामंडळाकडे विचारून मगच व्यापाऱ्याशी बोला.

चार. गटाच्या नावानं जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला अर्ज द्या: आम्हाला मोह-चारोळीची कलमं आणि डिंक काढायचं शिक्षण हवं आहे, जबलपूरच्या संस्थेशी बोलून प्रशिक्षण ठेवा. एक प्रत वनपरिक्षेत्र कार्यालयाला, एक 'उमेद' किंवा 'माविम'च्या ताईला. अर्जाची पोच घ्या. आणि वेळ आपल्या सोयीची मागा, दुपारची, पाड्यावरच. तालुक्याला सकाळी दहाला बोलावलं तर पुन्हा पुरुषच जातील. शेतीचा प्रश्न असेल तर किसान कॉल सेंटरचा फुकट नंबर आहे, १८००-१८०-१५५१. जंगलात आग दिसली तर वन विभागाचा नंबर १९२६.

पाच. शेजारच्या पाड्याच्या गटाला बोलवा, चहा पाजा आणि चारोळीची एकच तारीख ठरवा. हे सगळ्यात अवघड आहे, पण याच्याशिवाय बाकीचं टिकत नाही.

शास्त्रज्ञाला झाडाच्या आतलं कळतं. वनरक्षकाला नियम ठाऊक असतो. आणि कोणतं झाड कोणत्या पहाटे गळतं, हे तुम्हाला ठाऊक असतं. हे तिघं एका जागी बसले पाहिजेत. त्यांनी बोलावण्याची वाट पाहू नका, या वेळी आपण बोलवू. वहीतले आकडे आणि तुमच्या अडचणी हंगाम संपल्यावर आम्हाला कळवा. कुठे जाळी फाटली, कुठे व्यापारी अडला, कुठे पाड्यानं ऐकलं नाही, तेही सांगा. त्यावर आपण इथेच पुन्हा बोलू.

हंगाम चांगला जावो. पहाटे जाताना पायात चप्पल घाला, हातात बॅटरी ठेवा, आणि काडीपेटी घरीच राहू द्या. राम राम.